सरांवर लिहायला बसशील तेव्हा

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. स्मरणिकेसाठी सरांवर लेख मागितलाय आणि ‘ज्ञानतपस्वी’, ‘ऋषितुल्य’, ‘साधी राहणी’ असं काही लिहिलं की प्रत्येक वेळी कागद फाडावासा वाटतो, असं तू लिहितेस. फाडलेस ते योग्यच केलंस. हे शब्द खोटे नाहीत, पण ते नागपुरातल्या कुठल्याही शोकसभेत कुणालाही चिकटतात. ज्यांनी सर पाहिले नाहीत त्यांना त्यातून सर दिसणार नाहीत, आणि ज्यांनी पाहिले त्यांना तर मुळीच नाहीत.

पत्राच्या शेवटी घाईघाईत लिहिलेली गोष्ट मला जास्त लागली. सर गेल्यापासून तू एकदाही फील्डवर गेलेली नाहीस. मला या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी त्यांच्या हाताखाली मातीचं सर्वेक्षण शिकले आणि मग वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलावर बसून काम केलं. मला ते ऐन उमेदीत मिळाले, तुला निवृत्तीनंतर. पण मातीचे थर बघायला खणलेल्या खड्ड्यात उतरलेले सर आपण दोघींनी पाहिलेत. तिथून सुरुवात कर. सर खड्ड्यात कसे उतरायचे, ते लिही.

जागा ठरवण्यातच त्यांचा बराच वेळ जायचा, आठवतं? बांधाजवळ नको, झाडाखाली नको, जुन्या खताच्या खड्ड्यापाशी नको. खड्ड्याच्या ज्या भिंतीचं वर्णन लिहायचं तिच्यावर ऊन पडलं पाहिजे, कारण सावलीत मातीचा रंग फसवतो. खोदताना वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला, आणि दोन ढिगांची सरमिसळ झाली तर मजुरांना नाही, आपल्याला बोलणी. दीड मीटर खोल गेल्यावर पायऱ्या पाडून ते खाली उतरायचे आणि वही उघडायच्या आधी नुसते बघत उभे राहायचे. आपल्यालाही बोलू द्यायचे नाहीत. मग खुरपीच्या टोकानं भिंत वरून खाली खरवडत यायचे. फावड्यानं लिंपल्यासारखा झालेला पापुद्रा निघाला की मातीची खरी ठेवण दिसायची.

काळ्या जमिनीत दोन-अडीच फुटांखाली गेलं की ते मला थांबवायचे. “आधी हात लाव. पुस्तकातलं मंग पाहू.” हाताला तिरपे, गार, तुकतुकीत पृष्ठभाग लागायचे. पावसाळ्यात ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि फुगताना तिचे गठ्ठे एकमेकांवर घासून सरकतात. त्या घासण्यानं आलेली ती झिलई. ‘स्लिकेनसाइड’ हा शब्द मी कॉलेजातून पाठ करून आले होते, पण जमीन आतल्या आत दरवर्षी हलते ही गोष्ट मला त्या भिंतीवर तळहात ठेवल्यावर पटली. सर नाव नंतर सांगायचे. नाव आधी कळलं की माणूस बघायचं थांबवतो, असं त्यांचं मत होतं आणि ते माझंही झालं.

नमुने ते तळापासून घ्यायचे. सगळ्यात खालचा थर आधी, मग त्याच्या वरचा, शेवटी पृष्ठभागाचा. वरून सुरुवात केली तर वरची माती घरंगळून खालच्या नमुन्यात पडते आणि प्रयोगशाळेतला आकडा बिघडतो. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये आहे. पण दुपारचे अडीच वाजलेत, मे महिन्याचं ऊन आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, अशा वेळी ते पाळणारा माणूस आपण पाहिला. हे लिही. आणि खड्डा बुजवताना ते शेवटपर्यंत थांबायचे, हेही लिही. खालची माती खाली, वरची वर. उलटसुलट भरली तर शेतकऱ्याच्या वावरात तेवढ्या जागी पीक पिवळं पडतं, आणि आपण तर निघून गेलेलो असतो. कितीतरी सर्व्हे पार्ट्या मजुरांवर सोपवून गाडीत बसतात. सर बसले नाहीत. आम्हालाही बसू दिलं नाही.

शेतकऱ्याशी ते कसे बोलायचे त्याला लेखात जागा दे. मातीचा रंग ताडून बघायचं मन्सेलचं पुस्तक काढायच्या आधी त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा, “भाऊ, या जमिनीले तुम्ही काय म्हणता?” कुणी म्हणायचं, “हे मोरंड आहे जी.” कुणी काळी, कुणी खरडी, कुणी बरडी. ब्रिटिशांच्या काळात नागपूर जिल्ह्याचा जमीनबंदोबस्त झाला तेव्हा जमिनीची प्रतवारी याच नावांनी केली होती, आणि शेतकऱ्यांच्या तोंडी ती अजून आहेत. सर आधी ते नाव वहीत लिहायचे आणि मग खाली आपलं वर्गीकरण. अमेरिकेच्या कृषी खात्याचा मातीच्या वर्गीकरणाचा तो जाडजूड ‘सॉइल टॅक्सॉनॉमी’ ग्रंथ १९७५ साली आला. सरांना त्यातली पानंच्या पानं तोंडपाठ होती. तरी शेतकऱ्याचं नाव आणि आपलं नाव जुळत नसेल तर ते आधी स्वतःवर शंका घ्यायचे. पुन्हा खाली उतरायचे, ढेकूळ भिजवून बोटांत मळायचे, चिकणमाती किती ते कळायला पट्टी किती लांब निघते ते बघायचे, पातळ आम्लाचे दोन थेंब टाकून चुना किती फसफसतो ते ऐकायचे. हो, ऐकायचे. बारीक चुनखडी असली की डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळते, असं म्हणून कान भिंतीला लावायचे.

माझ्याबाबतीतलं एक सांगते, ते लेखात घाल किंवा नको घालूस. मी रुजू झाले तेव्हा बाईला मुक्कामी दौऱ्यावर पाठवायचं की नाही यावर ऑफिसात बरीच चर्चा चालायची. सर त्या चर्चेत कधी पडले नाहीत. त्यांनी दौऱ्याच्या कार्यक्रमात माझं नाव टाकलं आणि गावात पोचल्यावर लोक त्यांच्याकडे वळले की ते म्हणायचे, “जमिनीचं मॅडम सांगतील.” आणि बाजूला जाऊन पाणी पीत उभे राहायचे. मला मिळालेला आधार एवढाच, आणि तो पुरला.

आता वह्यांबद्दल. त्यासाठीच मुख्यतः लिहिते आहे.

आपल्या कामाची एक रीत तुला ठाऊक आहे. मातीची सिरीज, म्हणजे सारख्या थरांच्या जमिनींचा गट, ठरली की तिला गावाचं नाव मिळतं, तिथं पहिल्यांदा खड्डा घेणाऱ्याचं नाही. आपल्या जिल्ह्यातली लिंगा सिरीज घे. खोल काळी जमीन, संत्र्याच्या पट्ट्यातली. नकाशात, अहवालात, शोधनिबंधात सगळीकडे लिंगा. ती पाहणारे, मोजणारे, उन्हात उभे राहणारे लोक कुठंच नाहीत. सरांना यात काही वावगं वाटत नव्हतं. पण याचा अर्थ असा की त्यांच्या नावाची पाटी असलेली एकही गोष्ट मागे राहिलेली नाही. शोधनिबंध त्यांनी फार थोडे लिहिले. मला ते नेहमी खटकलं आणि त्यांच्या तोंडावर बोलूनही दाखवलं. जे आहे ते वह्यांत आहे.

हिस्लॉपची गोष्ट ते तुला सांगायचे का? स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५च्या सुमारास नागपूरला आला. त्याच्या नावाचं कॉलेज सगळ्यांना माहीत, पण टाकळीला, म्हणजे आज शहराच्या पोटात गेलेल्या टाकळीला, बेसाल्टच्या दोन थरांमधल्या गाळात वनस्पतींचे आणि शिंपल्यांचे जीवाश्म त्यानं गोळा केले हे आपल्या लोकांनाही ठाऊक नसतं. आपल्या शहराखालीच खडक बदलतो, पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट आणि पूर्वेला त्याहून कितीतरी जुना खडक, हे सर नवीन मुलांना टाकळीपासून सुरुवात करून शिकवायचे. सप्टेंबर १८६३ मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं बघून परतताना पूर आलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाला. गोंड लोकांची भाषा, चालीरीती, त्यांच्या लिंगो या पुराणपुरुषाची कथागीतं यांवरची त्याची टिपणं तशीच अर्धवट पडली. रिचर्ड टेम्पलनं, तेव्हाच्या मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरनं, ती जुळवली, टिपा आणि प्रस्तावना जोडली आणि १८६६ साली छापली. मुखपृष्ठावर हिस्लॉपचं नाव ठेवलं, स्वतःचं संपादक म्हणून. टाकळघाटच्या रस्त्यानं जाताना सर हे सांगायचे आणि मग गप्प व्हायचे. टेम्पलबद्दल त्यांना आणखी काही म्हणायचं असावं असं मला वाटायचं, पण मी कधी विचारलं नाही.

सरांच्या वह्या काकूंनी माझ्याकडे दिल्यात. १९८०च्या दशकातल्या काटोल, नरखेड, कळमेश्वरच्या आहेत, नंतरच्या उमरेड-भिवापूरकडच्या आहेत. प्रत्येक खड्ड्याचं वर्णन, थरांची जाडी, रंग, पोत, भेगा किती रुंद, मुळं कुठवर, शेतकऱ्यानं सांगितलेलं पिकाचं आणि पाण्याचं गणित. त्या काळी जीपीएस नव्हतं. जागा अशी लिहिली आहे: ‘पाटलाच्या विहिरीपासून ईशान्येला दोनशे पावलं, मोठ्या मोहाच्या उजवीकडे.’ मोह तुटला असेल, विहीर बुजली असेल, वावराचे तीन तुकडे झाले असतील. ती विहीर कुठं होती हे सांगणारी म्हातारी माणसं अजून त्या गावांत आहेत. आणखी दहा वर्षांनी नसतील.

म्हणून माझं सांगणं असं की यातले काटोल तालुक्यातले निवडक खड्डे पुन्हा शोध. गावनकाशा घे, सरांची वही घे, गावातल्या सत्तरीच्या माणसाला बरोबर घे. जागा पक्की झाली की आता अक्षांश-रेखांश नोंदव, तिथं पुन्हा खड्डा घे आणि त्याच थरांचे नमुने आण. चाळीस वर्षांत त्या मातीतला सेंद्रिय कार्बन किती उतरला, संत्र्याखाली किती आणि कापूस-तुरीखाली किती, चुना वर सरकला का, हे सांगता येईल असा जुना आणि विश्वासाचा आकडा फार कमी ठिकाणी असतो. इथं आहे.

हे करताना एक चूक करू नकोस. सरांनी कार्बन वॉकली-ब्लॅक पद्धतीनं काढला. त्यात सगळा सेंद्रिय कार्बन जळत नाही, साधारण तीन चतुर्थांश जळतो असं धरून गुणक लावतात. तुझ्या प्रयोगशाळेतलं नवीन यंत्र नमुना जाळून एकूण कार्बन देतं आणि आपल्या चुनखडीच्या जमिनीत त्यात चुन्यातलाही कार्बन येऊन बसतो. दोन आकडे सरळ शेजारी ठेवलेस तर माती सुधारली असा भलताच निष्कर्ष निघेल. तू नवीन पद्धतीनंही मोज, पण तुलनेसाठी जुनीच वापर, त्याच खोलीला, त्याच ऋतूत. हे मी सांगायला नको, पण सर असते तर त्यांनी तीनदा सांगितलं असतं.

वह्यांतला मजकूर सुधारू नकोस. त्यांच्या खुणा आणि संक्षेप आहेत तसे ठेव, अर्थ समासात वेगळ्या शाईनं लिही. प्रत्येक पानाचा फोटो आधी, हाताळणी नंतर, कारण काही पानांवर आम्ल सांडून कागद ठिसूळ झालाय. शेतकऱ्यांची नावं आणि गट नंबर बाहेर जाऊ देऊ नकोस. त्यांनी सरांना विश्वासानं घरची कर्जं आणि भांडणंसुद्धा सांगितली होती आणि सरांनी तीही लिहून ठेवली आहेत.

एका गोष्टीची मला तुझ्या वयामुळे काळजी वाटते. माणूस गेला की त्याचा प्रत्येक शब्द प्रमाण मानायची घाई होते. सरांचं सगळं बरोबर नव्हतं. भारी काळ्या जमिनीत संत्रा लावूच नका, असं ते वर्षानुवर्षं ठणकावून सांगत. कारण चांगलं होतं. अशा जमिनीत पाणी मुरायला वेळ लागतो, मुळं कुजतात, डिंक्या रोग लागतो, आणि बहारासाठी पाणी तोडून ताण द्यायचा म्हटलं तरी हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारीत झाड लवकर सुकतच नाही. पण पुढे काही शेतकऱ्यांनी उंच गादीवाफ्यांवर झाडं लावली, ओळींच्या मधून चर काढून पाणी बाहेर नेलं आणि त्यांच्या बागा टिकल्या. मी सरांशी यावरून बरीच वर्षं वाद घातला. एका पावसाळ्यात ते माझ्याबरोबर अशी बाग बघायला आले, चरातून वाहणारं पाणी बघितलं, दोन झाडांच्या मुळाशी उकरून बघितलं. परत येताना गाडीत काही बोलले नाहीत. त्या दिवसाच्या वहीत मात्र त्यांनी तारीख घालून लिहिलंय की आजपासून हा सल्ला बदलतो, निचऱ्याची सोय असेल तर विरोध करणार नाही. ते पान लेखात वापर. तुला त्यांच्या ज्या मताशी भांडण असेल ते त्यांच्या माघारीही चालू ठेव. तसंच गाडी उशिरा आली की ते ड्रायव्हरवर फार रागवायचे, आणि त्या ड्रायव्हरच्या मुलीच्या शाळेची फी भरायचे. दोन्ही लिही. एकच लिहिलंस तर माणूस अर्धा राहील.

काकूंकडे जा. तेरवीपर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती, आता कुणी नसतं. अस्थी घेऊन रामटेकला अंबाळा तलावावर गेलो तेव्हा त्या माझा हात धरून पायऱ्या उतरल्या आणि एवढंच म्हणाल्या, “आता पिशव्या कोणासाठी शिवू?” तुला बहुतेक माहीत नसेल, मातीच्या नमुन्यांच्या मांजरपाटाच्या पिशव्या वर्षानुवर्षं काकू घरी शिवायच्या. सरकारी पुरवठ्यातल्या पिशव्यांची शिवण उसवायची, म्हणून सर कापड घरी आणायचे. तोंडाशी नाडी आणि आत लेबल ठेवायला छोटा कप्पा. त्या कप्प्याची कल्पना काकूंची, ओल्या मातीनं बाहेरचं लेबल पुसलं जातं हे ऐकून. आपल्या साठ्यातल्या जुन्या नमुन्यांवरची नावं आज वाचता येतात ती त्या कप्प्यामुळे. स्मरणिकेत हे कुणीही लिहिणार नाही, तू लिही.

त्यांच्याकडे जाताना सांत्वन घेऊन जाऊ नकोस, प्रश्न घेऊन जा. सर दौऱ्यावरून आल्यावर काय बोलायचे, कोणत्या गावाबद्दल जास्त बोलायचे, पावसाळ्यात घरी असताना काय करायचे. त्यांना सांगण्यासारखं खूप आहे आणि विचारणारं कुणी नाही. जमलं तर काटोलच्या नमुन्यांसाठी पिशव्याही मागून बघ. मशीन अजून चालतं.

फील्डवर जाणं टाळू नकोस. पहिल्या खड्ड्यापाशी रडू येईल, येऊ दे. गावातली माणसं समजून घेतात, चहा आणून देतात. तुझ्याबरोबर ती नवीन रुजू झालेली दोन मुलं ने. त्यांनी सर पाहिलेले नाहीत, आणि त्यांना सरांबद्दल सांगत बसण्यापेक्षा त्यांच्याकडून नमुने तळापासून घेऊन घे. घाई करतील. थांबव त्यांना. का, असं विचारतील तेव्हा कारण सांग, आणि मग वाटलं तर कुणाकडून शिकलीस तेही.

या महिन्यातच निघालं पाहिजे. पाऊस सुरू झाला की काळ्या वावरात गाडी जात नाही आणि भेगा मिटतात, मग त्यांची रुंदी मोजता येणार नाही. रविवारी सकाळी घरी ये, उन्हाच्या आत. काटोलच्या वह्या वेगळ्या काढून ठेवते. तू गावनकाशे आणि एक चांगलं भिंग आण, सरांचं अक्षर शेवटच्या वर्षांत फार बारीक झालं होतं. लेखाचा खर्डा झाला की आधी काकूंना वाचून दाखव, मग मला.

तुझी,
मॅडम